शटरवरचे शिलालेख

वालीवमध्ये नव्या गाळ्याला शटर बसलं की त्यावर पहिलं नाव मालकाचं लागत नाही. मालकाचा बोर्ड अजून रंगवून यायचा असतो. तो निळा हवा की लाल, वर गणपती हवा की नुसतं ‘श्री’ पुरे, यावर घरात चर्चा चाललेली असते. तेवढ्यात एका रात्री कोणीतरी येतो आणि शटरच्या मधोमध ‘शटर रिपेअर’ असा छापा मारून खाली दहा आकडी नंबर टाकून जातो. शटर कोरं करकरीत. धड दहा वेळा वर-खाली झालेलं नाही. आणि त्याच्या कपाळावर त्याच्याच आजारपणाची जाहिरात. बारशाच्या दिवशी पाळण्याला अस्थिरोगतज्ज्ञाचं कार्ड बांधावं, तसा हा प्रकार आहे.

मी वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या काही गाळ्यांचे हिशेब बघतो. जीएसटी भरायची तारीख जवळ आली की वसई फाट्यापासून रेंज ऑफिसपर्यंत माझ्या चकरा सुरू होतात. मालक जागेवर नसतो, ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणून फोनवर सांगतो आणि ती पाच मिनिटं वालीव नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये मरून पडतात. तेवढ्या वेळात वाचायला समोर काय असतं? भिंत. त्यामुळे या भागातलं भिंतीवरचं बहुतेक वाङ्मय माझ्या नजरेखालून गेलेलं आहे.

परदेशात याला ग्रॅफिटी म्हणतात आणि तिकडे तो हौशी लोकांचा प्रांत आहे. न्यूयॉर्कमध्ये १८३व्या रस्त्यावर राहणारा एक पोरगा निरोप पोचवायच्या नोकरीसाठी शहरभर फिरायचा आणि जाईल तिथे ‘टाकी १८३’ असं लिहून यायचा. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी केली, आणि मग शहरातला प्रत्येक पोरगा मार्कर घेऊन बाहेर पडला. टाकीला काही विकायचं नव्हतं, नुसतं नाव दिसायला हवं होतं. आमच्या वालीवमध्ये इतका रिकामा वेळ कोणाकडे नाही. इथे भिंतीवर जो लिहितो तो धंद्याचंच लिहितो. हौस म्हणून लिहिणारा फक्त प्रेमात पडलेला, आणि तो गाळ्याच्या भिंतीवर रंग वाया घालवत नाही. तो पश्चिमेला वसईच्या किल्ल्यात जातो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली केवढी माणसं गमावून तो किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, आणि आता त्यातला एकेक दगड बदामाच्या आत दोन-दोन अक्षरांच्या नावावर झालेला आहे. संरक्षित स्मारक खराब केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण प्रेम करणारा माणूस दंडाच्या पाट्या वाचत बसत नाही.

आमच्याकडची भिंत रोखठोक असते. एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या कंपाउंडची लांबलचक भिंत मला चांगली माहितीची आहे. सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत ‘येथे जाहिराती लावू नयेत’ असं लिहिलेलं आहे. त्यातल्या ‘नयेत’वर ‘पॅकिंगसाठी लेडीज हेल्पर पाहिजेत’ असा कागद डकवलेला असल्यामुळे उरलेलं वाक्य सरळ आमंत्रणासारखं वाचलं जातं. पुढे बोअरवेल, पाण्याचा टँकर, पाण्याची टाकी धुऊन मिळेल, रूम भाड्याने मिळेल. मग मूळव्याध. मूळव्याध आणि भगंदर हा भिंतीवरचा सर्वात टिकाऊ मजकूर आहे. सरकारं बदलली, ग्रामपंचायत जाऊन २००९ साली महापालिका आली, ठाण्यातून निघून २०१४ साली पालघर जिल्हा झाला, मूळव्याध जागच्या जागी आहे. त्याच्या शेजारी बाबा. वशीकरण, सौतन से छुटकारा, विदेशयात्रा, कारोबार में बंदिश, आणि खाली ‘घरबैठे समाधान’. बाबांच्या त्या यादीत वीज जाणं आणि पार्टीकडून पेमेंट न येणं या दोन अडचणी असत्या तर अख्खं वालीव रांगेत उभं राहिलं असतं.

या सगळ्यांत शटर रिपेअरवाला हा राजा माणूस. बाकीचे डकवतात, तो छापतो. पत्र्याचा कोरलेला छापा, स्प्रेचा डबा, दोन सेकंदांचं काम. त्याच्यावर दुसरा येतो, तो पहिल्याचा नंबर काळ्या रंगाने झाकून स्वतःचा छापतो. तिसरा वर जागा बघतो. महिन्याभरात शटरवर इतके आकडे होतात की लांबून लॉटरीचा निकाल वाटावा.

बाटल्यांची झाकणं बनवणारे एक गाळेवाले आहेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांच्या शटरची स्प्रिंग एकदा गेली आणि शटर अर्ध्यावर अडकलं. कामगार वाकून आत-बाहेर करू लागले, काका स्वतः वाकू शकत नसल्यामुळे बाहेर खुर्ची टाकून बसले. शेवटी शटरच्या खालच्या अर्ध्या भागावर जो नंबर दिसत होता तो त्यांनी लावला. माणूस बाईकवर आला. काम खरोखर चोख केलं, ग्रीस लावून दिलं, भावही वाजवी घेतला. जाताना पिशवीतून छापा काढला आणि फुस्स केलं.

‘‘अरे अरे, हे काय करतोस?’’

‘‘गॅरंटी आहे काका. परत काय झालं तर नंबर शोधायला नको.’’

‘‘तुझाच नंबर तर लावला ना! होता की तिथे!’’

‘‘तो जुना झाला होता काका. फिका पडला होता.’’

काकांनी यावर सीसीटीव्ही बसवला. दुसऱ्याच आठवड्यात त्यात रात्रीचं चित्रण आलं. आम्ही सगळ्यांनी ते चहा पीत बघितलं. तोंडाला रुमाल बांधलेला एक इसम येतो, शटरवर हात फिरवून धूळ झटकतो, छापा सरळ आहे की नाही हे मान तिरकी करून बघतो, मारतो, दोन पावलं मागे जाऊन काम न्याहाळतो. मग त्याला कॅमेरा दिसतो. तो कॅमेऱ्याकडे येतो, इतका जवळ की नुसतं कपाळ दिसतं, आणि निघून जातो. सकाळी बघितलं तर कॅमेऱ्याच्या खालीच स्टिकर. ‘सीसीटीव्ही बसवून व रिपेअर करून मिळेल.’ म्हणजे माणूस दोन कंपन्यांचं काम करत होता. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘साहब, मुझे लगा आपने ही बुलाया है. इतने आराम से कर रहा था.’’

आता कुणी म्हणेल, कायदा नाही का? आहे ना. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५. तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय या गुन्ह्यासारखा तपासाला सोपा गुन्हा दुसरा नाही. आरोपी घटनास्थळी स्वतःचा मोबाइल नंबर सोडून जातो, वर ‘२४ तास सेवा’ असंही लिहून जातो. तरीही तक्रार करायला कोणी जात नाही, आणि त्याचं खरं कारण मी हिशेबनीस असल्यामुळे मला ठाऊक आहे. प्रत्येक गाळेवाल्याच्या किरकोळ खर्चात ‘पोस्टर झेरॉक्स’ अशी एक नोंद असते. हेल्पर पाहिजे, मोल्डिंग ऑपरेटर पाहिजे, दिवसपाळी-रातपाळी, राहण्याची सोय. हे कागद कुठे लागतात? महावितरणच्या खांबावर, बसथांब्यावर आणि दुसऱ्याच्या भिंतीवर. ‘नयेत’वर डकवलेला तो लेडीज हेल्परचा कागद काकांचाच होता. मी त्यांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, ‘‘कागद निघतो रे. छापा निघत नाही.’’ वालीवमधली नीतिमत्ता अशी निघण्या-न निघण्यावर उभी आहे.

आणि गंमत पाहा, मालकाच्या स्वतःच्या पाटीचे नियम केवढे कडक! दुकानं-आस्थापनांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत हव्यात, अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. २०२२ साली कायदा बदलला तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असलेल्यांनाही ते लागू झालं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलं. त्या मापात बसवून काकांनी पाटी रंगवून घेतली. तिच्याखाली हिंदी, इंग्रजी आणि जिला कुठलंच व्याकरण नाही अशा चौथ्या भाषेत बाकीच्यांनी शटर भरून टाकलं. त्यांच्या अक्षरांना माप नाही.

तर हे काढायचं कसं? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हे शास्त्र कुठे शिकवत नाहीत.

कागदाचं सोपं. पोस्टर लावणारे मैद्याची खळ वापरतात, जुने लोक तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकायचे. खळीला पाणी चालतं. कागद चांगला भिजवायचा, एक चहा प्यायचा, आणि पुट्टीच्या पत्र्याने खालून वर सरकवत न्यायचा. कोरडा ओढला तर वरचा पापुद्रा निघतो आणि खालचा पांढरा थर भिंतीला चिकटून राहतो. मग मूळव्याध जातो, पण त्याची सावली राहते.

स्टिकरचं वेळेवर आहे. सकाळी गार शटरवरून स्टिकर ओढलात तर नखाएवढे तुकडे निघतात आणि नख जातं. भर दुपारी ऊन खाऊन पत्रा तापला, की गोंद मऊ पडतो आणि अख्खा स्टिकर केळीच्या सालीसारखा हातात येतो. उरलेला चिकटा रॉकेलच्या फडक्याने जातो. पण दुपारी त्या उन्हात जाऊन उभं कोण राहणार? नवीन हेल्पर.

छाप्याचं मात्र अवघड आहे. स्प्रेचा रंग थिनरने जातो. पण थिनरला छाप्याचा रंग कुठला आणि शटरचा रंग कुठला हे कळत नाही. काकांच्या हेल्परने एकदा कॉटन वेस्ट थिनरमध्ये बुडवून प्रत्येक आकडा मन लावून घासला. अगदी आकड्याच्या वळणाने. काळा रंग गेला, त्याखालचा करडा रंगही गेला आणि आतला पत्रा चकाकायला लागला. परिणामी जो नंबर आधी फिका काळा दिसत होता तो आता चांदीच्या अक्षरांत झळकू लागला. रात्री ट्रकचा हेडलाइट पडला की नाक्यावरून वाचता यायचा. छापा घासायचा नसतो. पॉलिश पेपर मारून, प्रायमर लावून अख्खी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवायची असते, नाहीतर रंगाचा तुकडासुद्धा ‘इथे काहीतरी होतं’ असं सांगत बसतो.

भिंतीवर ऑइल पेंटने लिहिलेलं असेल तर त्यावर चुना मारणं हा निव्वळ आशावाद आहे. चुना त्या गुळगुळीत रंगाला धरत नाही. जूनमध्ये वसईचा पाऊस लागला, की चुना पापुद्र्याने सुटतो आणि श्रावणापर्यंत मागच्या निवडणुकीतला उमेदवार हात जोडून पुन्हा बाहेर येतो. तो त्यावेळी पडलेला असतो, पक्ष बदललेला असतो, पण भिंतीवर तो अजून तुमच्या बहुमूल्य मताचा आशीर्वाद मागत असतो.

आणि पिचकारी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, ही बातमी भिंतींपर्यंत पोचलेली नाही. काथाचा डाग हा जगातला सर्वात चिवट लेखक. त्याच्यावर डिस्टेंपर मारा, तो ओल्या रंगातून पाझरून वर येतो. दुसरा हात मारा, अजून वर येतो. आधी ऑइलचा प्रायमर मारून त्याला आत कोंडावं लागतं. सरकारी कचेऱ्यांनी यावर फार पूर्वीच शरणागती पत्करून जिन्याच्या कोपऱ्यांना तीन फुटांपर्यंत गेरूचा लाल पट्टा ओढलेला आहे. शत्रू ज्या रंगात येतो तोच रंग आपण आधी लावायचा. याला दूरदृष्टी म्हणायचं की पराभव, ते तुम्ही ठरवा. काकांनीही पट्टा मारला होता. पिचकारीवाल्यांनी तो हद्दीचा पट्टा समजून त्याच्या वर नेम धरायला सुरुवात केली.

लिहिणं थांबवायचे उपाय आपल्या मुलखात जुने आहेत, कारण लिहायची खोडही जुनी आहे. आमच्या तालुक्यातलं लेखन थेट सम्राट अशोकापासून सुरू होतं. त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याला सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावला मिळाला. एवढा मोठा सम्राट, पण संपर्कासाठी नंबर दिलेला नाही. पुढे शिलाहारांच्या काळात उत्तर कोकणात गधेगाळ उभे राहिले. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, आणि खाली गाढवाचं असं चित्र, की जो या दानाला हात लावील त्याच्या मातोश्रींबद्दल काय म्हणायचं आहे ते निरक्षरालाही कळावं. अलिबागजवळच्या अक्षीला असा एक शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा आहे. मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांत त्याची गणना होते. म्हणजे आपली भाषा दगडावर उतरली तीच मुळी ‘हात लावशील तर बघ’ म्हणत.

ते गाढव हजार वर्षांनी आजही ड्युटीवर आहे. वालीवमधल्या कुठल्याही गल्लीत जा, भिंतीवर लिहिलेलं असतं, ‘देखो, गधा पेशाब कर रहा है’. फरक एवढाच की शिलाहारांच्या गाढवाला लोक घाबरायचे. आताचा माणूस पाटी वाचतो, हसतो, आणि त्याच पाटीखाली उभा राहतो.

म्हणून मग देवांच्या टाइल्स. टाइलच्या दुकानात हा संच तयार मिळतो: गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का-मदिना, गुरू नानक. राष्ट्रीय एकात्मता एवढी स्वस्तात आणि एवढ्या सरळ रांगेत मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही. याचा उपयोग नक्की होतो, पण टाइलच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांपर्यंत. तिसऱ्या फुटापासून नास्तिक भिंत सुरू होते. शिवाय यात एक धोका आहे. एका गाळ्यामागे अशी टाइल लावली. चार दिवसांनी तिथे कुणीतरी उदबत्ती खोचली. मग हार आला, मग छोटं पत्र्याचं छप्पर, मग गुरुवारी नारळ. पुढे मालकाला कंटेनर वळवायला जागा हवी म्हणून ती भिंत चार फूट मागे घ्यायची होती. आता ती भिंत मागे घेण्याची भाषा कोणी करत नाही. कंटेनर रिव्हर्समध्ये येतो.

मला स्वतःला पटलेला उपाय न्यूयॉर्कचा आहे. तिथली भुयारी रेल्वे एके काळी आत-बाहेर लिहून काळी झाली होती. १९८४ मध्ये तिथल्या प्रशासनाने ठरवलं की एकदा साफ केलेला डबा पुन्हा रंगवला गेला तर तो पुसल्याशिवाय फलाटावर आणायचाच नाही. लिहिणाऱ्याला आपलं नाव धावताना दिसता कामा नये, एवढंच. पोरं रात्रभर खपून डबा रंगवायची आणि सकाळी तो डबा गाडीला जोडलेलाच नसायचा. मे १९८९ मध्ये शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून निघाला.

हे मी काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कबद्दल काही मत दिलं नाही, पण शटरच्याच रंगाचा एक डबा आणि ब्रश दाराशी आणून ठेवला. आता सकाळी शटर वर करायच्या आधी, रात्री काही छापलं असेल तर तेवढी पट्टी आधी रंगते आणि मग मशीन चालू होतं. शुक्रवारच्या सुट्टीत वॉचमन हे काम करतो, त्याबद्दल त्याला चहाचे वेगळे पैसे मिळतात आणि ते मी ‘दुरुस्ती व देखभाल’मध्ये टाकतो. हल्ली छापे कमी झालेत. पूर्ण थांबलेले नाहीत, पण छापणाऱ्यालाही स्प्रेचा डबा विकत आणावा लागतो, आणि एका रात्रीसाठी तो त्याला परवडत नाही. शेजारचं शटर मात्र आता दुप्पट भरलेलं आहे. शेजारी काकांशी बोलत नाही.

शटर रिपेअरवाल्यांना मात्र धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमचा छापा शटर खाली असतानाच दिसतो, म्हणजे गाळा बंद असतो आणि बाहेर वाचायला कुत्र्याशिवाय कोणी नसतं. शटर वरच्या वर अडकलं, की तुमचा नंबर त्याच्या गुंडाळीत आत जाऊन बसतो. नेमकी गरज पडते तेव्हाच तो मिळत नाही. तेव्हा भाऊ, रात्रीचे येऊ नका. दिवसा या, चहा घ्या, एक कार्ड द्या. प्रत्येक मालकाच्या टेबलावर काच असते आणि तिच्याखाली बँकवाला, ट्रान्सपोर्टवाला, इलेक्ट्रिशियन यांची कार्डं वर्षानुवर्षं सुखाने राहतात. ती काच पुसली जाते, पण खालचं कार्ड कोणी काढत नाही.